बटण शून्यावर, गाडी चालूच

ताईने त्या मोटारीत माणूस बसलेला पाहिला होता. तो माणूस नव्हता, कोट होता, असं नंतर तिला सगळ्यांनी सांगितलं. तिने स्वतःही जवळ जाऊन पाहिलं होतं. पण जवळ जाईपर्यंतच्या वेळात तिच्यापुरता तो माणूसच होता.

ताई रेल्वेत ड्रायव्हर होती. बरीच वर्षं मालगाड्या ओढून मग प्रवासी गाडीवर आली होती. त्या सकाळी उजेड स्वच्छ होता. वळण संपून गाडी सरळ रुळावर आली आणि पुढच्या फाटकात, बरोबर रुळांच्या मधोमध, एक निळी मोटार उभी दिसली. चालकाच्या जागी रुंद खांदे दिसत होते. मान खाली.

ताईने इमर्जन्सी ब्रेक मारला, भोंगा दाबून धरला आणि त्यानंतर तिच्या हातात करण्यासारखं काही उरलंच नाही. भरधाव गाडी ब्रेक मारला म्हणून जागच्या जागी उभी राहत नाही. चाकं किंचाळतात, मागचे डबे पुढच्यांना रेटतात आणि गाडी पुढे जातच राहते. खांदे हलत नव्हते. केबिनमध्ये ती एकटीच होती, तरी ओरडत होती, "अरे उतर! उतर रे बाबा!"

धडक बसल्यावरही गाडी बरीच पुढे गेली. थांबल्यावर ताईने कंट्रोल रूमला कळवलं, खाली उतरली आणि खडीवरून मागे चालत निघाली. आपल्याला काय बघायचं आहे हे तिला माहीत होतं. पाय पुढे पडत होते आणि प्रत्येक पावलाला वाटत होतं, अजून थोडं अंतर असू दे. मोटार रुळांशेजारी कलंडली होती. दार उघडं होतं आणि सीटच्या पाठीवर एक जाडजूड कोट चढवलेला होता. मालक फाटकापाशी उभा राहून "माझी गाडी, माझी गाडी" करत होता. मोटार बंद पडल्याबरोबर तो शहाण्यासारखा उतरून लांब पळाला होता, कोट तेवढा मागे राहिला.

कुणाला साधं खरचटलंही नव्हतं आणि हेच पुढे ताईच्या मुळावर आलं. कुणी दगावलं असतं तर लोकांनी दबक्या आवाजात विचारपूस केली असती. आता जो तो पाठीवर थाप मारून म्हणायचा, "काही झालं नाही ना? मग झालं तर!" तीही "हो ना" म्हणून हसायची. पुन्हा कामावर गेली तेव्हा गार्डने हिरवा झेंडा दाखवला आणि ताईचा हात गाडी चालवायच्या दांड्याभोवती मिटेना. बोटं लाकडाची झाल्यासारखी ताठ. तिच्या जागी दुसऱ्याला बसवून गाडी सोडावी लागली. रेल्वेच्या डॉक्टरांनी तिला रजेवर पाठवलं. रजा संपली की परीक्षा. त्यात पास झाली तर गाडी, नाहीतर कार्यालयात खुर्ची.

ताई घराच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि खाली तिचा भाऊ, त्याच्या बायकोसह. भावाला घरात छोटू म्हणत. त्याला टक्कल पडलं, चष्म्याचा नंबर वाढला, तरी नाव काही मोठं झालं नाही. त्याचा धंदा कृत्रिम दात बनवण्याचा. दंतवैद्य माप पाठवायचे आणि हा मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवायचा. त्याच खोलीत भिंतींच्या कडेने टेबलं लावून वडिलांनी सुरू केलेली छोटी रेल्वे मांडलेली होती. हातभर डोंगर, बोगदा, दोन स्टेशनं, एक फाटक. खिडकीशी प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत ठेवलेले आणि त्यांच्यासमोरून गाड्या जायच्या. छोटूची बायको म्हणायची, "लोकांच्या तोंडात खोटे दात आणि घरात खोटी गाडी. खरं काय ते मीच एक."

रजेतल्या दुपारी ताई त्या खोलीत येऊन बसू लागली. वडिलांच्या पद्धतीत सगळा खेळ रुळातल्या विजेचा. पेटीवरचं गोल बटण फिरवलं की रुळात वीज वाढते आणि इंजिन पळतं. बटण शून्यावर आणलं की वीज संपते आणि इंजिन जिथल्या तिथे उभं. ताई गाडी सोडायची, फाटकाजवळ आली की बटण शून्यावर न्यायची. गाडी खटकन थांबायची. पुन्हा सोडायची, पुन्हा थांबवायची. छोटू दातांवर कानस फिरवता फिरवता तिरक्या डोळ्यांनी पाहायचा.

त्याच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. डिजिटल यंत्रणेचं खोकं त्याने कधीपासून कपाटावर आणून ठेवलं होतं.

"ताई, आता बदलूया का?" एकदा त्याने विषय काढलाच. "या जुन्या पद्धतीत एका रुळावर दोन इंजिनं ठेवली तर दोन्ही एकदम पळतात. म्हणून बाबांनी रुळांचे तुकडे पाडले, तुकड्या-तुकड्याला खटका लावला. खाली वायरी बघ, शेवयांसारख्या झाल्यात. डिजिटलमध्ये प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप. हुकूम ज्याचा त्याला. एक उभं, एक चालू, उभ्या गाडीतले दिवेसुद्धा चालू."

"उभ्या गाडीत दिवे? मग रुळात वीज असणार."

"कायम असते. पूर्ण."

ताईने हात मागे घेतला. "म्हणजे बटण शून्यावर आणलं तरी रूळ जिवंतच?"

"जिवंत, पण हुकमाशिवाय इंजिन हलत नाही ना."

"आणि त्याने हुकूम ऐकलाच नाही तर?"

"ताई, आत चिप आहे, मी नाही," छोटू हसला.

ताईला हसू आलं नाही. "बाबांचंच राहू दे," ती म्हणाली आणि पुन्हा गाडी सोडून फाटकाजवळ थांबवली.

छोटूला वाटलं, ताईला जुन्याची सवय आहे, नवं एकदा पाहील तर हरखून जाईल. एका सकाळी ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्याने जुनी पेटी सोडवली आणि नवी जोडली. एका इंजिनात चिप बसवली आणि बाजूच्या रुळावर वडिलांचं जुनं काळं इंजिन उभं आहे हे साफ विसरून खटका दाबला. नेमकी तेव्हाच ताई दारात आली.

काळं इंजिन किंचाळलं. हललं मात्र नाही. आहे तिथेच उभं राहून बारीक, उंच आवाजात किंचाळत राहिलं. ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. घासणाऱ्या चाकांचा तोच आवाज, फक्त लहान झालेला. छोटूने घाईने वीज बंद केली. खोलीत तापलेल्या तेलाचा वास पसरला.

"माझंच चुकलं," इंजिन उचलून फुंकर मारत तो म्हणाला. "याच्या पोटात चिप नाही. ही वीज याला सोसत नाही, मोटर जळाली असती. थांब, हे बाजूला ठेवतो."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला उलट पावली वर जायचं होतं. पण आयुष्यभर जिने कधी कुणाला घाबरल्याचं दाखवलं नाही, ती धाकट्या भावासमोर खेळण्याला भिऊन पळणार कशी? "दे इकडे," ती म्हणाली. "बघू तुझी चिप."

छोटूने आनंदाने तिच्या हातात नवं यंत्र दिलं. ताईने बटण फिरवलं. गाडी झकास निघाली, खऱ्या गाडीसारखी हळूहळू वेग घेत. डोंगराला वळसा घालून सरळ रुळावर आली. समोर फाटक होतं. ताईने बटण शून्यावर आणलं.

गाडी चालूच राहिली.

तिने बटण आणखी मागे पिळलं. शून्याच्या मागे काही नसतं. गाडी फाटकाकडे येत होती, वेग किंचित कमी, पण येत होती. "थांब," ताई पुटपुटली. मग मोठ्याने, "थांब! थांब ना!" छोटू सांगत होता की ताई, मी त्यात वेग हळूहळू उतरण्याचा आकडा भरलाय, खऱ्यासारखं वाटावं म्हणून, थांबेल आत्ता. पण तिच्या कानात काही शिरत नव्हतं. ती टेबलावर झेपावली आणि दोन्ही हातांनी गाडीवर झडप घातली. इंजिन आणि डबे जमिनीवर आदळले, फाटक मोडलं, ओळीतले दोन जबडे खाली पडून फुटले. ताई टेबलाखाली बसली होती, गुडघे छातीशी घेऊन, आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

छोटू घाबरला. अंधारात माळ्यावर जाणारी, कुत्रं अंगावर आलं तर दगड घेऊन उभी राहणारी ही त्याची ताई. ती अशी थरथरताना त्याने कधी पाहिली नव्हती. तोही टेबलाखाली शिरला, तिच्या शेजारी वायरींच्या जंजाळात बसला.

"मान खाली होती रे त्याची," ताई म्हणाली.

"कोणाची?"

"मोटारीतल्या. मला वाटलं, झोपलाय. किंवा मुद्दामच बसलाय. मी भोंगा वाजवतेय आणि तो बघत नाही. नंतर मी त्याचं तोंड बघायला मागे चालत गेले, छोटू. कोट होता हे मला तिथे पोचल्यावर कळलं. तोपर्यंत मी त्याला मारलेलंच होतं."

छोटूने तिचा हात धरला. "मी हे सगळं काढून टाकतो," तो म्हणाला. "आत्ताच. बाबांची पेटी परत लावतो."

त्याने शब्द पाळला. पण ताई खाली येईना. दुपारी खोलीत यायची नाही, जेवायला बोलावलं तर "भूक नाही" म्हणायची. झोप लागली की खडीवर पावलं वाजायची आणि ती दचकून उठायची. शेवटी छोटूची बायको ताट घेऊन वर गेली.

"ताई, यांनी सगळं पहिल्यासारखं करून ठेवलंय. तुम्हाला भीती वाटू नये म्हणून."

"माहीत आहे मला."

"मग येत का नाही?"

"अगं, तिथे बटण शून्यावर आणलं की गाडी थांबते. मला ते इतकं आवडायला लागलं, की खरी गाडीही तशीच थांबायला हवी होती असं वाटायला लागलं. ती थांबली नाही म्हणजे माझंच काही चुकलं. रात्रंदिवस तेच. आणि परीक्षा तोंडावर आलीय."

"बाई गं," छोटूची बायको म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली. तिला उपाय माहीत नव्हता, म्हणून तिने सल्ला दिला नाही. ताट मात्र रिकामं करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताई खाली उतरली. जिन्याचा कठडा घट्ट धरून. छोटू एका दाताचा रंग जुळवत बसला होता.

"ती नवी पेटी परत लाव," ती म्हणाली.

"ताई, नको. त्यात आकडा शून्य भरता येतो, लगेच थांबेल असं करतो, पण—"

"शून्य नको. माझ्या गाडीला थांबायला जेवढी जागा लागते, तेवढी तुझ्या गाडीला लागली पाहिजे."

छोटूने चष्मा कपाळावर चढवला. दोघांनी कागद घेऊन हिशोब मांडला. ताईची गाडी तिच्या नेहमीच्या वेगात इमर्जन्सी ब्रेक मारल्यावर किती पुढे जाते, ते छोटूच्या रेल्वेच्या मापात आणलं. उत्तर आलं खोलीचा जवळजवळ पूर्ण एक फेरा. छोटू बघतच राहिला. इतकी वर्षं तो गाड्या खेळत होता आणि हे त्याला ठाऊक नव्हतं.

"एवढा मोठा आकडा कोणी ठेवत नाही गं."

"रेल्वेने ठेवलाय."

मग त्याने काम हाती घेतलं. दोन्ही पद्धती एकाच रुळावर एकदम चालत नाहीत, एकीची वीज दुसरीला जाळते. म्हणून वडिलांच्या काळ्या इंजिनासाठी त्याने डोंगरामागे एक छोटा रूळ अगदी वेगळा तोडून ठेवला, जुन्या पेटीसकट. बाकी सगळं डिजिटल. हे ठरवताना त्याला वाईट वाटलं. बाबांनी लावलेला एकेक खटका त्याने काढला आणि डब्यात जपून ठेवला.

सगळं झाल्यावर ताईने शेल्फवरची एक चिमुकली मोटार उचलली. उघड्या टपाची होती. मग छोटूच्या टेबलावरून साच्याचं गुलाबी मेण घेतलं, चिमटीत मळलं आणि त्याचा एक माणूस केला. रुंद खांदे, मान खाली. त्याला मोटारीत बसवून तिने मोटार फाटकात ठेवली, रुळांच्या मधोमध.

"ताई, माचिसची पेटी ठेवू. माणूस नको."

"गप्प बस आणि माझ्याजवळ उभा राहा."

तिने गाडी सोडली. फाटकाच्या पुढून निघून तिला वेग घेऊ दिला. गाडी बोगद्यातून बाहेर पडली, मोटार दिसू लागली आणि तिने बटण शून्यावर आणलं. मग यंत्र खाली ठेवलं आणि हात पाठीमागे बांधले. एका हाताने दुसऱ्याचं मनगट आवळून धरलं, नखं रुतेपर्यंत.

गाडी येत राहिली. स्टेशन मागे पडलं, डोंगर मागे पडला. छोटूचाच हात पुढे जाऊ लागला, ताईने त्याला कोपराने अडवलं. तिच्या तोंडातून बारीक आवाज येत होता, मांजराच्या पिल्लासारखा. पण तिने डोळे मिटले नाहीत. इंजिनाने मोटारीला धडक दिली, मेणाचा माणूस उडाला, मोटार फरफटत गेली आणि गाडी तिला ढकलत कितीतरी पुढे जाऊन, अगदी आरामात, उभी राहिली.

ताईने भिंतीला हात टेकला. छोटूने तिला पाणी दिलं, अर्धं सांडलं.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्या दुपारी तिने ते पुन्हा केलं आणि नंतरही रोज. भीती कमी झाली असं काही नाही. काही वेळा तर आदल्या दिवसापेक्षा जास्तच वाटली, एकदा उलटीही झाली. छोटूची बायको दारात उभी राहून "पुरे करा हो आता" म्हणायची. पण एक दिवस धडक होऊन गाडी थांबल्यावर ताई रुळाकडे बघत म्हणाली, "मी ब्रेक वेळेवर मारला होता, छोटू."

"हो."

"हो काय? तू कुठे होतास तिथे?"

"तिथे नव्हतो. पण रोज बघतोय ना इथे," छोटू म्हणाला. "दिसल्याबरोबर मारतेस. त्याच्याआधी कुणी मारूच शकत नाही."

ताई स्टुलावर बसली आणि रडली. त्या घटनेनंतर पहिल्यांदाच. छोटू तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. थाप मात्र मारली नाही.

परीक्षेच्या दिवशी तिला नकली केबिनमध्ये बसवलं. समोरच्या पडद्यावर रूळ धावू लागले आणि एका वळणानंतर रुळांवर ट्रक उभा होता. ताईने ब्रेक मारला, भोंगा वाजवला, आणि पडद्यावरची गाडी ट्रकवर जाऊन आदळली. तिने दांडा सोडला नाही. घाम मात्र कानामागून मानेत उतरत होता.

"भीती वाटते?" बाहेर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं.

"नाही" हे उत्तर तिने घरून घोटून आणलं होतं. "वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते."

डॉक्टरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. मग ठरलं, की ताईने गाडी चालवायची, पण काही आठवडे शेजारी एक जुना ड्रायव्हर बसेल.

पहिल्या फेरीला छोटू न सांगता पहिल्या डब्यात चढला. आयुष्यभर गाड्यांशी खेळलेला हा माणूस सीटची कड दोन्ही हातांनी धरून बसला आणि प्रत्येक फाटकाला डोळे मिटत गेला. केबिनमध्ये ताईचे डोळे उघडे होते. त्याच वळणानंतर तेच फाटक आलं. दांडी खाली होती, रस्त्यावर माणसं थांबली होती आणि त्यांच्यातल्या एकाच्या अंगात जाड कोट होता. तिने भोंगा दाबला तो जरा जास्तच वेळ दाबून ठेवला. फाटक गेलं.

शेवटच्या स्टेशनात ताई खाली उतरली, तर फलाटावर छोटू, चेहरा पिवळा, रुमालाने टक्कल पुसत.

"तू इथे कसा?"

"आलो असाच. कशी झाली?"

"भीती वाटली," ताई म्हणाली.

"मग?"

"मग काय, चालवली."

परतीची वेळ होत आली होती. गाडी उलट निघणार, म्हणून ताईने पिशवी उचलली आणि लोकांमधून वाट काढत दुसऱ्या टोकाच्या केबिनकडे निघाली. छोटू म्हणाला, "मी बसने येतो."